खोबऱ्याचा तुकडा

गेल्या मंगळवारी पिंजरा उचलायला विसरले. रात्री माळ्यावर उंदीर नाचतात म्हणून जिन्याखाली लावला होता, भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा आकड्याला अडकवून. सकाळी रिकामाच दिसला, तसाच पायाने पडवीत सरकवला आणि आगरात शिंपण्याला गेले. परत येते तो आत खार.

उंदीर रात्रीचा, खार दिवसाची. म्हणजे चूक माझीच.

सासूबाई बाहेर आल्या. "अगो, खारूताई ती! सोड आधी, पाप लागेल." याच सासूबाई उंदीर सापडला की बादली भरून ठेव म्हणतात, आणि पिंजरा बुडवताना मी तोंड फिरवते त्यावर हसतातही. खारीच्या पाठीवर रामाची बोटं आहेत, त्यामुळे त्यांच्या लेखी विषय संपला.

मी मात्र उकिडवी बसून नीट बघितलं. शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुललेली, बरगड्या धडधडत होत्या, आणि तारेवर दात घासणं चाललेलं. दात पिवळट नारिंगी. हुबेहूब उंदराचे. दोघांचेही पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडलं नाही तर तोंडच मिटायचं नाही. शेपटीवर हात ठेवून झाकली असती तर मी ओळखली असती का, कोण जाणे.

दार उघडलं तर बया बाहेरच येईना. मग एकदम सुटली, पोफळीवर चढली आणि अर्धा तास चिक् चिक् करून मला शिव्या दिल्या.

आमच्याकडे, गुहागरात, याच गोत्राचं मोठं खटलं म्हणजे शेकरू. पुण्याचा भाचा मे महिन्यात आला होता. भीमाशंकरला दोनदा जाऊन त्याला ते दिसलं नव्हतं. इथे तिसऱ्या माडावर मागच्या पायांनी लटकून शहाळं पोखरताना दिसलं. "मामी, राज्यप्राणी!" म्हणत त्याने मोबाइल भरून टाकला. तेव्हा मामंजी माडाखाली भोकं पडलेले नारळ मोजत होते. अकरा. पाडेली वर म्हणतो, "माझ्याआधी तोच चढतो, मजुरी त्यालाच द्या." मामंजी रोज पत्र्याचा डबा बडवतात, तोंडाने नाही नाही ते बोलतात, पण कोणी बंदुकीचं नाव काढलं की त्यालाच झापतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शेकराला संरक्षण दिलं. त्याच कायद्यात उंदीर बरीच वर्षं कावळ्यांबरोबर उपद्रवींच्या यादीत होता.

उंदराची बाजू मी घेणार नाही. एका पावसाळ्यात लावणी उरकून धाकटे दीर तापाने पडले. पायाला चीर होती, उंदराच्या मुताचं पाणी लागलं, लेप्टो. आठ दिवस दवाखान्यात. त्यानंतर कणग्यांजवळ लेंडी दिसली तरी माझं डोकं फिरतं.

आता पाचचा गजर लावते, खारी उठायच्या आत पिंजरा उचलायला. आज आत लहानसा उंदीर होता, कोपऱ्यात दबून. खोबऱ्याला त्याने तोंडही लावलं नव्हतं. खारीने मात्र तेवढ्या घाबऱ्याघुबऱ्यातही सगळं संपवलं होतं.

बादली नळाखाली लावली. आज तोंड फिरवलं नाही.