चुकलेली हलकर्णी

कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्थानकावर निपाणीमार्गे गडहिंग्लजची गाडी धरली की तासाभरात आपण परराज्यात असतो. कागल जातं, दूधगंगेचा पूल जातो, कोगनोळीचा नाका येतो आणि खिशातल्या फोनवर 'कर्नाटकात स्वागत' असा मेसेज पडतो. जायचं असतं आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याला, पण हमरस्ता निपाणी, संकेश्वर असा दुसऱ्याच्या अंगणातून फिरून मग उजवीकडं वळतो आणि थोड्याच वेळात पुन्हा महाराष्ट्र लागतो. रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना याचं काहीच वाटत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाई कोगनोळीला डोळे मिटून घेतल्या, त्या गडहिंग्लज आल्यावरच उठल्या. दोनदा राज्य बदललं, त्यांची झोप काही मोडली नाही.

डिसेंबरातली गोष्ट. मावशीकडं निघालो होतो, चंदगड तालुक्यात. तिथून पारगड किल्ला करायचा आणि येताना बेळगाववरून यायचं असा बेत. मावशीनं फोनवर सांगितलेलं एवढंच, "हलकर्णी फाट्यावर उतर, पोरगा गाडी घेऊन येईल."

निपाणीत गाडी थोडी थांबली. स्टँडवर कन्नड पाट्या आणि मराठी बोलणं. निपाणी म्हटलं की आमच्या पिढीला महामार्गावरचे पेट्रोल पंप आठवतात, कारण तिकडं पेट्रोल काही रुपयांनी स्वस्त. आणि आमच्या वडिलांच्या पिढीला तंबाखू. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू उत्पादकांनी हाच महामार्ग अडवला होता. पुढं गोळीबार झाला, शेतकरी मेले. आता त्या रस्त्यावरून ट्रक असे सुसाट जातात की मेंढरंसुद्धा आडवी यायला घाबरतात. गावाला लागूनच अर्जुननगर आहे. तिथल्या देवचंद कॉलेजच्या पत्त्यात निपाणीही येते आणि 'ता. कागल, जि. कोल्हापूर'ही येतं. पत्ता लिहिणाऱ्या पोरांना त्यात काही वावगं वाटत नसणार.

गडहिंग्लजला उतरलो आणि तिथं मी माती खाल्ली. स्टँडच्या बाहेर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, उभं होतं आणि पोरगा ओरडत होता, "हलकर्णी, हलकर्णी, हलकर्णी!" मी म्हटलं, नशीब चांगलं आहे. पाठीवरची बॅग पायाशी घेऊन मागच्या बाकड्यावर घुसलो. माझ्यासह अकरा माणसं, दोन खताची पोती आणि एक नवीकोरी घागर. घागर एका आजींच्या मांडीवर होती आणि खड्डा आला की ती माझ्या गुडघ्यावर वाजायची.

अर्ध्या वाटेत लक्षात यायला लागलं की काहीतरी चुकतंय. चंदगडकडं जाताना शेत हिरवं होत जातं, डोंगर जवळ येतो, भाताची खाचरं दिसायला लागतात. इथं उलटंच. माळ मोकळा होत चाललेला, माती काळपट, आणि गाडीतली माणसं हळूहळू मराठीतून कन्नडात शिरलेली. ते कधी झालं ते कळलंही नाही. आजी मघाशी मला "सरक की जरा" म्हणाल्या होत्या, आता समोरच्या बाईशी त्या अखंड कन्नडात बोलत होत्या. मला वाटलं, गाडी चुकून पुन्हा कर्नाटकात चालली.

नव्हती. हलकर्णी आली, मी उतरलो, मावशीला फोन लावला. ती आधी गप्प झाली आणि मग जी हसत सुटली ती थांबेचना. "अरे बाबा, आमची हलकर्णी चंदगडची. तू गडहिंग्लजच्या हलकर्णीत गेलायस!"

एकाच जिल्ह्यात, शेजारशेजारच्या तालुक्यांत, एकाच नावाची दोन गावं. कोल्हापुरात वाढून मला हे माहीत नव्हतं याची लाज वाटली. परतीचं वडाप भरायला वेळ होता म्हणून चहाच्या टपरीवर बसलो. शेजारी एक वयस्कर अण्णा होते, डोक्याला पटका, हातात बिडी. त्यांना माझी कहाणी फार आवडली. ती त्यांनी टपरीवाल्याला कन्नडात ऐकवली, मग येईल त्या प्रत्येकाला ऐकवली, आणि प्रत्येकानं माझ्याकडं बघून मान हलवली.

"पावणं, तुमी पयलं न्हाई," अण्णा म्हणाले. "वरातीतली माणसंबी चुकल्यात इथं."

मी त्यांना विचारलं, घरात कन्नडच बोलता का. ते म्हणाले, घरात कन्नड, बाजारात मराठी, देवाला दोन्ही. मग त्यांनी एक शब्द वापरला जो मी पहिल्यांदाच ऐकला. "आमी गडिनाडातली माणसं." मला आधी वाटलं गडहिंग्लजवरून काहीतरी असेल. पण कन्नडात गडि म्हणजे सीमा, नाड म्हणजे मुलूख. आपण ज्याला सीमाभाग म्हणतो तेच, फक्त पलीकडून बघितलेलं. लहानपणापासून सीमाभाग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बेळगाव, खानापूर, निपाणी. तिकडं राहिलेली मराठी माणसं, १ नोव्हेंबरचा काळा दिन. आणि इथं महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात, एका टपरीवर बसून मी त्यांच्या सीमाभागात चहा पीत होतो. चहा गोड होता, आमच्यासारखाच.

अण्णांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. "चुकून आलेल्याकडनं घेत न्हाईत," म्हणाले.

परत गडहिंग्लज, आणि या वेळी चंदगडची गाडी, कंडक्टरला तीनदा विचारून. महागाव, नेसरी, अडकूर. नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. २४ फेब्रुवारी १६७४, समोर बहलोलखानाचं सैन्य आणि प्रतापरावांसोबत सहा स्वार. गाडीतून खिंडीकडं बघत होतो, तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या काकांनी पिशवीतनं पेरू काढून सोलायला घेतला आणि सगळी गाडी पेरूच्या वासानं भरली. इतिहास डोक्यात यायला आणि पेरू नाकात यायला एकच गाठ पडली.

मावशीच्या घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. रात्री जेवणं झाल्यावर मावशीच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी, पत्र्याची पेटी काढली. त्यांच्या वडिलांचे कागद, जमिनीचे. एक कागद १९५३ चा, कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. त्यावर लिहिलेलं: तालुका चंदगड, जिल्हा बेळगाव.

चंदगड आधी बेळगाव जिल्ह्यात होतं हे वाचून माहीत होतं, पण कागदावर बोट ठेवून बघणं वेगळं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं भाषेप्रमाणे नव्यानं आखली गेली, बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. १९६० ला महाराष्ट्र झाला. गडहिंग्लजचं वेगळं: ते कोल्हापूर संस्थानातलं, म्हणजे शाहू महाराजांचा मुलूख. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानचं रायबाग मात्र आज कर्नाटकात आहे. काकांचे वडील इंग्रजांची रयत म्हणून जन्मले, बेळगावकर म्हणून संसाराला लागले आणि कोल्हापूरकर म्हणून वारले. या सगळ्यात त्यांनी घराचा उंबरासुद्धा बदलला नाही. बाकी कज्जा चालूच आहे, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात.

"जिल्हा बदलला, बाजार बदलला न्हाई," काका कागद घडी घालत म्हणाले. कोल्हापूर इथून शंभर किलोमीटरच्या आसपास, बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. रताळी बेळगावला जातात, लग्नाचा बस्ता बेळगावला, दवाखाना बेळगावला. कोल्हापूरला जायचं ते कलेक्टर कचेरीत काम निघालं तर, नाहीतर अंबाबाईला.

दुसऱ्या दिवशी मावसभावाच्या मोटारसायकलवर पारगड. चंदगड सोडलं, हेरे गेलं, इसापूरच्या बाजूला वळलो आणि रस्त्याला माणूस दिसेना. दोन्ही बाजूंना काजू, मधेच नाचणीची कापून झालेली शेतं, आणि तांबडी धूळ जी संध्याकाळी कानातून काढावी लागली. कालचा काळा माळ आणि आजची ही तांबडी माती एकाच जिल्ह्यातली आहे हे सांगूनही पटलं नसतं. पाऊस घाटाकडं धो धो आणि पूर्वेला गेलं की कमी कमी होत जातो, माती आणि पीक त्याच्या मागं जातं.

पारगड अगदी सह्याद्रीच्या काठावर. गोव्यात पोर्तुगीज होते, त्यांच्यावर नजर ठेवायला शिवाजी महाराजांना इथं ठाणं हवं होतं. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा इथला किल्लेदार. त्यांच्या वंशजांची घरं अजून गडावर आहेत. गडावर नांदतं गाव असणं ही गोष्टच वेगळी: भवानीच्या देवळासमोर झेंडा, आणि चार पावलांवर दोरीवर वाळत घातलेली शाळेची चड्डी. एका घरात पाणी मागितलं तर ताक आलं. घरातल्या काकूंनी विचारलं, कुठनं आलासा. कोल्हापूर म्हटल्यावर म्हणाल्या, "लांबनं आलासा की!" आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाबद्दल.

पश्चिमेच्या कड्यावर बराच वेळ बसून राहिलो. खाली तिळारीचं रान, त्याच्यापुढं दोडामार्ग आणि गोवा, सगळं निळसर धुक्यात बुडालेलं. या कड्याच्या पलीकडं पडलेला थेंब तिळारीतून अरबी समुद्राला जातो. अलीकडं पडलेला ताम्रपर्णीत नाहीतर घटप्रभेत जातो. ताम्रपर्णी घटप्रभेला मिळते, हिरण्यकेशीही तिलाच, घटप्रभा कर्नाटकात हिडकलच्या धरणात अडते आणि पुढं कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडं निघते. मावसभावाला हे सांगायला लागलो तर तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे, पाणी पिऊन घे, खाली मिळणार न्हाई." तेही खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं बेळगावला जायचं होतं, म्हणून दोघं बरोबरच निघालो. हलकर्णी फाटा, पाटणे फाटा, शिनोळी. हा जुना बेळगाव–वेंगुर्ला रस्ता. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून घाट चढून याच बाजूनं यायचा. बेळगावला रेल्वे आल्यावर बंदर ओसरलं, रस्ता राहिला. फाट्यावर टेम्पोत रताळ्याची पोती चढवत होते. हमाल पोतं खांद्यावर घेताना तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होता, कान देऊन ऐकलं तर आकडे मराठीत होते आणि मधल्या शिव्या कन्नडात.

एसटीत कंडक्टरनं मशीन दाबलं आणि मावशीच्या हातात दोन तिकिटं दिली. मी विचारात पडलो. मावशीनं चष्मा कपाळावर सरकवून मला समजावलं. महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढं पूर्ण. म्हणून एक अर्धं तिकीट हद्दीपर्यंतचं आणि एक पूर्ण, तिथून बेळगावचं. पलीकडं कर्नाटकच्या गाडीत बायकांना फुकट आहे, पण ते तिकडच्या आधारकार्डावर. "माझी जाऊ बेळगावजवळच्या उचगावची," मावशी म्हणाली. "ती बेळगावातनं हद्दीवरच्या बाचीपर्यंत फुकट येतीय आणि तिथनं माझ्याकडं यायला तिकीट काढतीय. मी निम्म्यात निघतीय आणि पुढं पूर्ण भरतीय. दोघी मिळून बघितलं तर फिट्टंफाट."

शिनोळी गेली, बाची आली. फोन पुन्हा वाजला, पुन्हा स्वागत. मावशीनं दोन्ही तिकिटं एकात एक गुंडाळून बांगडीत खोचली.

बेळगावातून घरी यायला रेल्वेचा विचार करून बघितला. नकाशावर कोल्हापूर वायव्येला सरळ, पण रूळ तसे नाहीत. घटप्रभा, रायबाग, कुडची करत मिरजेला जायचं आणि तिथून मागं पश्चिमेला. १८९१ पासून कोल्हापूरची रेल्वे मिरजेहून येते आणि कोल्हापुरातच संपते. दक्षिणेला बेळगावकडं नाही, पश्चिमेला कोकणात नाही. शेवटी महामार्गाची बसच धरली. संकेश्वर, निपाणी, कोगनोळी.

घरी आल्यावर मावशीनं दिलेली रताळ्याची पिशवी ओट्यावर ठेवली. आईनं एक उचलून नखानं माती खरवडून बघितली.

"कुठली रं ही?"

"हलकर्णीची."

"कुठल्या?" आईनं विचारलं.

म्हणजे घरात एकट्या मलाच माहीत नव्हतं.