कंठ फुटण्याआधी

पक्ष्यांच्या पुस्तकांतली चित्रं बहुतेक मोठ्यांची, तीही लग्नसराईच्या पोशाखातली. म्हणून पावसाळ्याच्या आगेमागे दाण्यांच्या थाळीवर कुणी मळकट, आखूड शेपटीचं उतरलं, की 'हा कुठला नवा पक्षी?' अशी धांदल उडते. बहुधा तो नेहमीच्याच घरातला धाकटा असतो.

रंग नंतर. आधी चोचीचे कोपरे बघावेत. नुकतंच घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लाच्या तोंडाच्या कडांना फिकट पिवळी, सुजल्यासारखी झालर असते. चिमणीचं पिल्लू एरवी हुबेहूब मादीसारखं, पण ही झालर त्याचं बिंग फोडते. पायाखाली बाजरी पसरलेली असूनही पंख थरथरवत, आ वासून ते आईबापांपुढे बसून राहतं. विणीच्या दिवसांत मादीही पंख थरथरवते खरी, पण नरासमोर, आणि तिला घास नको असतो.

शिपाई बुलबुलाच्या पोराला गालावरचा लाल ठिपका नसतो आणि बुडाखाली लालऐवजी फिकट नारिंगी. पिकलेल्या केळ्याच्या फोडीवर ते आलं, की शेजारच्या मोठ्याशी ताडून पाहता येतं. ठिपकेदार होल्याच्या पिल्लाच्या मानेवर बुद्धिबळाचा पट अजून मांडलेला नसतो. दयाळाचं पिल्लू मात्र उलट: मोठ्याची छाती एकरंगी, पोराची खवल्याखवल्यांची.

खरी फसगत मुनियांत. ठिपकेवाल्या मुनियेच्या पिल्लाला ठिपकेच नसतात. वरून तपकिरी, खालून बदामी, बस्स. त्याला सर्रास पांढरकंठी मुनिया ठरवतात. तेव्हा उडताना पाठमोरं बघावं. शेपटीच्या मुळाशी पांढरं आणि शेपूट काळी, टोकदार असेल तर पांढरकंठी. सगळंच तपकिरी असेल तर ठिपकेवालीचं बाळ.

दुसरी चूक म्हणजे पिसं झडणाऱ्या मोठ्याला पिल्लू समजणं. मोठ्याच्या अंगावर जुनी विटलेली आणि नवी कोरी पिसं शेजारीशेजारी दिसतात, मधे फटीही. पिल्लाची सगळी पिसं एकाच वयाची, थोडी विरळ, फुलारलेली.

दाणे मूठभरच आणि कोरडे ठेवावेत. पावसात भिजलेल्या बाजरीला लवकर बुरशी धरते, म्हणून उरलेलं संध्याकाळी काढून थाळी धुवावी. पाणी दोन बोटं खोल, रोज ताजं. दूध-पोळी नको. चिमणी, बुलबुल, दयाळ पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडे भरवतात, त्यामुळे कुंड्यांवरची फवारणी त्यांच्या ताटातच पडते. पिसं आलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर उचलून घरात आणू नये. आईबाप जवळच असतात. मांजर असेल तर फार तर उंच झुडपात ठेवावं.

आणि पोपट. गळ्यात कंठ, म्हणजे रंगीत कडं, नसलेला दिसला की लोक मादी म्हणून मोकळे होतात. नरालाही कंठ फुटायला साधारण 3 वर्षं लागतात. तोवर वहीत 'पोपट' एवढंच लिहावं आणि पुढे प्रश्नचिन्ह.