पुस्तकातला शत्रू मासा

अकरावीच्या फॉर्मवर बायफोकलच्या, म्हणजे व्यावसायिक विषयाच्या, रकान्यात मी ‘फ्रेश वॉटर फिश कल्चर’ लिहिलं तेव्हा बाबा हसले. आमचं ढिवराचं घर, भंडारा जिल्ह्यातल्या एका मालगुजारी तलावावर जाळं टाकणारं. “पाण्यात उतराले कालेज कायले लागते?” खरं सांगायचं तर २०० गुणांचा हा विषय घेतला की मराठीचा पेपर सुटतो, एवढाच माझा हिशेब होता. पुस्तक मात्र इंग्रजीत निघालं. घरातला मरळ मासा तिथे ‘चन्ना’ या शास्त्रीय नावाचा झाला होता.

पहिलं वर्ष पाणी मोजण्यात गेलं. पाणी किती गढूळ ते बघायला काळी-पांढरी सेकी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरचे सेंटिमीटर वाचायचे. बाबा कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो का ते बघतात. एकदा दोन्ही करून पाहिलं. माझी तबकडी ३० वर गेली, तेव्हा त्यांचा तळवाही दिसेना. मी काही बोललो नाही.

मग आलं तळ्याची पूर्वतयारी हे प्रकरण. बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडण्याआधी तळ्यातले भक्षक मासे आणि तणमासे, म्हणजे नको असलेले बारके मासे, काढून टाकायचे, आणि त्यासाठी हेक्टरी २,५०० किलो मोहाची पेंड. कॉलेजचं तळं दोन गुंठ्यांचं, म्हणून ५० किलो. पेंडीतल्या सॅपोनिनने माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. त्यात वीतभर मरळी होत्या. आमच्याकडे मरळ म्हणजे पाहुण्यासाठी राखून ठेवायचा मासा, बाजारात रोहूपेक्षा महाग. पुस्तकातल्या शत्रूंच्या यादीत ती पहिली होती. त्या दिवशीच्या जर्नलला ‘उत्तम’ शेरा मिळाला. घरी मी ते पान उघडलं नाही.

बारावीच्या जुलैत मत्स्यबीज केंद्रावर एक रात्र काढली. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराची धार लागते. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुळला हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालून घेतली, तेव्हा ही अडचण सुटली. आता त्याच कामासाठी ओव्हाप्रिम या इंजेक्शनची तयार बाटली मिळते. सरांनी नर माझ्या हातात दिला. छातीचा पर काचपेपरसारखा खरखरीत होता, पोटावर जरा दाब देताच दुधासारखं पांढरं बाहेर आलं. मादीचा तोच पर गुळगुळीत. जन्मापासून मासे हाताळतोय, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं. संध्याकाळी इंजेक्शन देऊन एका मादीमागे दोन नर असे हापात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत, सोडले. पहाटे कापड उचललं तर आत भिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, ओंजळी भरभरून.

घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, “धार लागल्याबिगर मासा येत नाही हे मले ठाऊक होतं. पण सुईनं फसते?” मग ते बराच वेळ तेच विचारत राहिले.

प्रॅक्टिकलच्या तोंडीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “भक्षक माशांची नावं सांग.” मी सांगितली, मरळ सर्वांत शेवटी. “हिचं काय करशील?” तोंडात आलं, “खाईन.” परीक्षक हसले, गुण कापले नसावेत. विषयात १६८ पडले.

आता मच्छीमार संस्थेच्या तलावात बीज सोडायचं काम माझ्याकडे आहे. पेंड टाकत नाही. भाव चढा लागला तरी १०० मिलीमीटरच्या वरचीच बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, घेतो, म्हणजे ती मरळीच्या तोंडात सहज जात नाही. पिशवी आली की बाबा त्यातली दोन-चार काढून स्वतःच्या बोटाला लावून बघतात. मी मागे पट्टी घेऊन उभा असतो.