औषध कोण खात होतं?

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण लाज वाटायची. आता पीएचडी संपून इतकी वर्षं झालीत की सांगून टाकते.

तिसरं वर्ष चालू होतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी फ्लास्कमधे वाढवायच्या, त्यांना जेमसिटाबीन द्यायचं आणि किती मरतात ते मोजायचं, एवढंच काम. जेमसिटाबीन हे कॅन्सरवरचं औषध म्हणजे डीएनएच्या एका अक्षराचा तोतया. दिसायला डीऑक्सिसायटिडीनसारखं (हेच ते अक्षर), फक्त साखरेवर दोन हायड्रोजनच्या जागी दोन फ्लोरीन बसवलेले. पेशीला वाटतं आपलंच आहे, ती ते डीएनएत ओवते आणि पुढची साखळी अडकते. भराभर वाढणाऱ्या पेशीला हे झेपत नाही, ती मरते. निदान मरायला हवी.

माझ्या मरेनात. म्हणजे एका बॅचमधल्या मरायच्या आणि दुसऱ्या बॅचमधल्या, त्याच लाइनच्या (म्हणजे एकाच मूळ पेशीगटातून वाढवलेल्या), तेच नाव लिहिलेल्या, ढिम्म. ९६ खळग्यांच्या प्लेटमधे डोस वाढवत न्यायचे, पण ग्राफची रेघ खाली यायलाच तयार नाही. आधी वाटलं औषधच खराब झालंय, नवीन आणलं, तरी तेच. मग हळूहळू डोक्यात आलं की अरे, हा तर रेझिस्टन्स, पेशी औषधाला दादच देत नाहीयेत! आणि एकदा का हा शब्द डोक्यात आला ना की माणूस कामातून जातो.

पुढचं तर अजूनच भारी. न मरणाऱ्या पेशींचं वापरलेलं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक पाणी, घेतलं, पेशींचा कचरा निघावा म्हणून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, आणि मरणाऱ्या पेशींवर घातलं. त्याही मरेनात! म्हणजे पेशी बाहेर काहीतरी सोडतायत जे औषधापासून वाचवतं. ९५ डिग्रीला तापवून बघितलं तर परिणाम गायब, म्हणजे ते प्रोटीन असणार. मी तर मनातल्या मनात त्या प्रोटीनचं बारसंही करून मोकळी झाले होते.

लॅब मीटिंगमधे दहाबारा स्लाइड्स दाखवल्या. सर खूश. मागे बसलेली आमची पोस्टडॉक (पीएचडी झालेली संशोधक), जी सहसा काही बोलत नाही, तिने एवढंच विचारलं, "अगं, मायको टेस्ट शेवटची कधी केली होतीस?"

मी म्हटलं, करते की. केली नव्हती. आठ महिने.

मायकोप्लाझ्मा हा जंतू म्हणजे पेशी वाढवणाऱ्यांचा खरा छळवाद. साधे बॅक्टेरिया शिरले की रात्रीत मीडियम गढूळ होतं, गुलाबीचं पिवळं पडतं, आपण शिव्या देतो आणि फेकून देतो, विषय संपला. हा मात्र एका मिलीलिटरमधे कोटींनी असला तरी मीडियम काचेसारखं स्वच्छ. याला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे भित्तिकेवर घाव घालणारं पेनिसिलिन याचं काहीही बिघडवत नाही, आणि अंगाने इतका लहान आणि लवचिक की माझ्या फिल्टरमधून तर आरामात पलीकडे. येतो कुठून, तर बऱ्याचदा आपल्याच तोंडातून, हूडसमोर, म्हणजे पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटासमोर, गप्पा मारताना. नाहीतर मीडियममधे घालायच्या सीरममधून, किंवा कुणीतरी प्रेमाने दिलेल्या, पेशींच्या व्हायलमधून (छोट्या कुपीतून).

त्या संध्याकाळी काचेच्या तुकड्यावरच्या पेशींना होएक्स्ट लावलं, हा डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग आहे. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला. स्वच्छ पेशींत फक्त केंद्रकं दिसतात, गोल, निळी, आणि मधे सगळा काळोख. माझ्या पेशींमधे त्या काळोखात बारीक बारीक निळे ठिपके होते, पीठ चाळताना ओट्यावर भुरभुरतं तसे, सगळीकडे. मी फोकस इकडेतिकडे फिरवत बसले, जणू काही फिरवून ते जाणार होते. दुसऱ्या दिवशी पीसीआरची, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीची, पट्टीही आली. मायकोप्लाझ्मा हायोऱ्हायनिस.

तर माझं प्रोटीन खरंच प्रोटीन होतं, फक्त पेशीचं नव्हतं. या जंतूकडे सायटिडीन डीअमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते जेमसिटाबीनचा एक अमिनो गट काढून टाकतं आणि औषध जवळजवळ निकामी होतं. पेशींपर्यंत पोचण्याआधीच माझं औषध कुणीतरी खाऊन टाकत होतं. सगळे फ्लास्क ब्लीचमधे ओतले, इनक्यूबेटर पुसला, लिक्विड नायट्रोजनमधून गोठवून ठेवलेल्या पेशींच्या जुन्या व्हायल काढल्या. आठ महिन्यांचा डेटा गेला आणि मी कुणाला फारसं बोलले नाही.

मग २०१७ मधे जर्नल क्लबला (नवे पेपर एकत्र वाचायच्या बैठकीत) एक पेपर आला, इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या राविद स्ट्रॉसमन यांच्या गटाचा. मी तो वाचत गेले आणि पोटात गोळा. त्यांच्याही पेशींवर जेमसिटाबीन चालेनासं झालं होतं, त्यांनीही वापरलेलं मीडियम दुसऱ्या पेशींवर घालून बघितलं होतं, आणि त्यांनाही मिळाला होता तोच, मायकोप्लाझ्मा हायोऱ्हायनिस. पण ब्लीच ओतून विषय मिटवण्याऐवजी त्यांनी विचारलं, की जंतू फ्लास्कमधे हे करू शकतो तर पेशंटच्या गाठीत जंतू असतील तर? स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या ११३ गाठी तपासल्या, ८६ मधे बॅक्टेरियाचा डीएनए सापडला. बहुतेक गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया या गटातले, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे तेच एन्झाइम, त्याचं लांब रूप. उंदरांमधे अँटिबायोटिक दिल्यावर औषध पुन्हा चाललं.

उंदरांमधे, हं. लगेच कुणी पेशंटला अँटिबायोटिक द्या म्हणून सांगू नका, ते इतकं सरळ नाही. गाठींमधल्या जंतूंचं हे क्षेत्रही निसरडंच आहे. २०२० साली नेचरमधे आलेला, जंतूंच्या डीएनए सिक्वेन्सवरून (अक्षरांच्या क्रमावरून) कॅन्सरचा प्रकार ओळखण्याचा गाजलेला पेपर २०२४ मधे मागे घेतला गेला, कारण माणसाचेच सिक्वेन्स बॅक्टेरियाचे म्हणून मोजले गेले होते. तो गट वेगळा, काम वेगळं, पण वाचून मला बरं वाटलं हे खोटं कशाला बोला.

पोस्टडॉकला मी तो पेपर फॉरवर्ड केला. तिचं एका ओळीत उत्तर आलं, "यांनी मायको टेस्ट केली होती."