खालच्या ओळीतले मधले दात

धाकटीचा पहिला दात आला आणि मोठ्याचा पहिला दात पडला, एकाच आठवड्यात. जागाही तीच, खालच्या ओळीतली मधली. ती सात महिन्यांची आहे, त्याला सात वर्षं पुरी होत आलीत. घरात सध्या दुसरा विषय नाही.

जागा तीच असण्यात फारसा योगायोग नाही म्हणा. बहुतेक बाळांचे खालचे मधले दोन दात सगळ्यांत आधी येतात, सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान. आणि सहा-सात वर्षांनी पडायची पाळी येते तेव्हा पहिला मानही त्यांचाच.

मोठ्याला मात्र अकरा महिने उलटले तरी दात नव्हता. जो तो त्याच्या तोंडात डोकवायचा आणि ‘अजून नाही?’ असं विचारून जायचा. सासूबाई तेवढ्या निवांत. ‘येतील गं, बिनदाताचं राहिलंय का कुणी?’ एवढंच म्हणायच्या. बाळाच्या डॉक्टरांचंही तेच मत पडलं, वर्षभर तरी वाट बघा. वर्षाच्या आत आला. ज्यांचे दात उशिरा येतात त्यांचे बहुतेकदा पडतातही उशिरा, हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर गेल्या वर्षी थोडं सोपं गेलं असतं. कारण त्याच्या वर्गात एकेकाच्या तोंडात खिडक्या पडायला लागल्या आणि हा रोज शाळेतून येऊन आरशासमोर उभा. जिभेने ढकलून बघायचा, बोटाने हलवून बघायचा. एकदा रात्री अंथरुणात म्हणाला, ‘आई, माझे दात खूप घट्ट आहेत. मी लहानच राहणार का?’ वर्गातला जवळचा मित्र आपल्याआधी मोठा होतोय, असं त्याला खरोखर वाटत होतं. मी त्याला जवळ घेतलं. ‘तुझा दात तुझ्या वेळेने पडेल’ या वाक्याने सहा वर्षांच्या मुलाचं समाधान होत नाही, पण दुसरं खरं वाक्य माझ्याकडे नव्हतं.

मग एका रात्री दात घासून देताना मला त्याच्या खालच्या दाताच्या मागे, जिभेच्या बाजूला, पांढरी कड दिसली. करवतीसारखी, बारीक दातेरी. पुढचा दुधाचा दात जागच्या जागी आणि मागे दुसरी ओळ सुरू! दातांच्या डॉक्टरांनी छोटा आरसा आत धरून आधी त्यालाच ते दाखवलं, मग मला. खालच्या मधल्या दातांच्या बाबतीत हे पुष्कळ मुलांमध्ये दिसतं, म्हणाल्या. पुढचा दात हलायला लागलाय, तो पडला की जीभच मागच्याला हळूहळू पुढे ढकलेल. घाई करून काढायचं काही कारण नाही, पण काही महिने गेले आणि पुढचा हललाच नाही तर पुन्हा या. कडेचे ते तीन उंचवटे नव्या दाताला असतातच, चावता चावता झिजून कड सरळ होते. आणि नवा दात जुन्यापेक्षा पिवळसर दिसेल, त्यालाही घाबरू नका. दुधाचे दात मुळातच जास्त पांढरे असतात.

दात पडला तो अगदी साध्या वेळी. आंघोळीनंतर बाबा त्याचं तोंड पुसत होते आणि दात टॉवेलात आला. तो ओरडला, बाबा घाबरले, धाकटी दोघांकडे बघून हसली. मग त्याने आरशात जाऊन जीभ त्या फटीतून बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा बाहेर काढली. फोनवर मामाला सांगताना ‘सकाळी’ म्हणायला गेला आणि स मधून हवा गेली, तर आनंदाने तेच चार वेळा म्हणून दाखवलं.

तळहातावरचा तो दात बघून मला आश्चर्य वाटलं. त्याला मूळ जवळजवळ नव्हतंच. वरचा पांढरा भाग तेवढा, खालून पोकळ. मला वाटायचं दात मुळासकट निघतो. तसं नसतं. खालून पक्का दात वर सरकायला लागतो तशा काही पेशी दुधाच्या दाताचं मूळ थोडं थोडं विरघळवत जातात. धरून ठेवायला काही उरलं नाही की तो हलतो आणि पडतो. म्हणजे ज्या महिन्यांत तो आरशासमोर ‘घट्टच आहे’ म्हणून हिरमुसला होत होता, त्याच महिन्यांत आत हे काम चालू होतं.

त्याच रात्री दोघं झोपल्यावर मी आणखी वाचत बसले, आणि एका ठिकाणी थांबले. दुधाच्या मधल्या दातांचं कठीण होणं गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू होतं. बाळ जन्मतं तेव्हा खालच्या मधल्या दातांवरचं अर्ध्याहून जास्त कवच तयार झालेलं असतं, हिरडीच्या आत. राहिलेलं जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुरं होतं. आणि जन्माच्या वेळी शरीराला जो मोठा बदल सोसावा लागतो, त्याची एक बारीक रेघ त्या कवचात उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. रेघेच्या एका बाजूचं कवच पोटात असताना झालेलं, दुसऱ्या बाजूचं बाहेर आल्यावर. दाताचं कवच पुन्हा कधी बनत नाही, म्हणून ती रेघ पुसलीही जात नाही.

चौथा महिना मला चांगला आठवतो. त्याच महिन्यात उलट्या थांबल्या होत्या. मला वाटायचं आता पोटात नुसती वाढ चाललीय, वजन आणि उंची. तेव्हा हा दात चालला होता. म्हणजे टॉवेलातून निघालेल्या त्या तांदळाएवढ्या तुकड्याचा निम्म्याहून मोठा भाग माझ्या पोटात घडलेला आणि उरलेला तो माझ्या कुशीत असताना, रात्री-अपरात्री दूध पिताना. मला रडू आलं. यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच्या जन्माची खूण असलेली एवढी जुनी वस्तू माझ्याकडे दुसरी कुठली असणार? पहिलं झबलं, हातातला रुग्णालयाचा पट्टा, हे सगळं नंतरचं आहे.

धाकटीकडे बघायची माझी नजरही त्या रात्रीनंतर बदलली. तिचं लाळ गाळणं, मूठ चघळणं, रात्री दोनदा उठून कुरकुरणं चालूच होतं. हिरडीतून आलेली ती कड हाताला लागते आणि मोठा दिवसातून दहा वेळा ‘मला लावू दे’ म्हणतो. (हात धुऊन. हा नियम त्याने स्वतःच केलाय.) थंड केलेलं ओलं फडकं तिला चावायला आवडतं. हिरडी बधिर करणारी जेल कुणीतरी सुचवली होती, ती आम्ही आणली नाही. अशा काही जेलमधल्या बेन्झोकेन या बधिर करणाऱ्या औषधामुळे रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची क्षमता घटू शकते, म्हणून दोन वर्षांखालच्या बाळांना ती देऊ नका असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्ये दिलाय. आणि एक गोष्ट मी प्रत्येक नव्या आईला सांगते. दात येताना अंग जरा कोमट लागेल, पण खरा ताप आला तर दातांवर ढकलू नका, बाळाला दाखवा. याच वयात आईकडून मिळालेलं संरक्षण कमी होत असतं आणि हाताला लागेल ते तोंडात जात असतं. तापाचं कारण बरेचदा तिकडे असतं.

मोठ्याने एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. ‘बाळाचा दात आत्ताच आलाय, मग त्याच्या खालचा दुसरा कधी बनणार?’ मी म्हटलं, बनायला लागलाय. पक्क्या मधल्या दातांची घडण जन्मानंतर तीन-चार महिन्यांतच सुरू होते. म्हणजे तिचा दुधाचा दात नुकता डोकं वर काढतोय आणि त्याच्या खाली, जबड्यात, सहा-सात वर्षांनी येणारा दात तयार व्हायला लागलेला आहे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग तिच्या हनुवटीवर बोट ठेवून तिलाच सांगायला लागला, ‘तुझ्याकडे अजून एक आहे, बरं का. आत आहे.’ तिने ते बोट तोंडात घेतलं.

मुलांच्या वाढीचे टप्पे आपण तारखेने लिहितो. पालथी पडली, बसली, दात आला. मीही लिहिते, आणि लिहायला मला आवडतं. पण आता मला त्या तारखेमागचे महिने जास्त मोलाचे वाटतात. बाहेरून काही दिसत नाही, शेजारचं बाळ पुढे गेलेलं असतं, आणि आत काम सुरू असतं. मोठ्याच्या वेळी ते महिने माझे काळजीत गेले. धाकटीच्या वेळी मी ते बघत बसते.

रात्रीची दात घासायची वेळ म्हणून मला दिवसातली सगळ्यांत आवडती. मोठा स्वतः घासतो, मग माझ्या पुढ्यात पाठ करून बसतो, डोकं मागे टेकतो आणि मी पुन्हा एकदा फिरवते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात तितका नेमका फिरत नाही, मागच्या दाढा राहून जातात. त्याला वाटाण्याएवढी पेस्ट. धाकटीच्या एकुलत्या दातालाही ब्रश फिरतो, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून. तिला हा कार्यक्रम मुळीच मान्य नाही.

काल असंच डोकं मागे घेतलेलं असताना त्याच्या खालच्या ओळीत, उजवीकडे, शेवटच्या दाढेच्याही मागे हिरडी फुगलेली दिसली. मधोमध एक पांढरा ठिपका. ही पहिली पक्की दाढ. हिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, ती मागच्या रिकाम्या जागेत येते, म्हणून पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजली जाते. वरच्या खोल चिरांत अन्न अडकतं आणि ती लवकर किडते. जन्मभर लागणारी दाढ, आणि तिच्या घडणीची सुरुवात साधारण त्याच्या जन्माच्या सुमाराची. त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘म्हणजे ही माझ्याएवढी आहे?’ हो, तुझ्याएवढी. पुढच्या वेळी डॉक्टरांना तिच्या चिरा भरून घ्यायच्या का ते विचारणार आहे. पडलेल्या दाताच्या तारखेखाली, त्याच पानावर, मी हिचीही तारीख लिहिली.