तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंट हे होते, मग आजारी मी कशी पडले?

"आजार यांना झाला होता, मग तुमची तब्येत कशी बिघडली?" लग्नाकार्यात भेटणारी माणसं मला हमखास विचारतात. काहींना वाटतं, मी मनाला फार लावून घेतलं. लागलंच होतं मनाला. पण बिघडलं ते शरीर.

यांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हापासून नाकात नळी होती. दर दोन तासांनी दोनशे मिली. मुगाचं पाणी, ताक, भोपळ्याचं सूप, सगळं मिक्सरमध्ये फिरवून मलमलच्या फडक्यातून गाळायचं, कारण एक कण अडकला तरी नळी तुंबते. मग सिरिंज नळीला लावून हात वर धरायचा आणि ते आपसूक उतरू द्यायचं. घाई केली की ठसका. शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. रात्री अकराला शेवटचं, पहाटे पाचला पुन्हा पहिलं. मधल्या वेळात मी झोपायला हवं होतं. पण यांचा घसा खरखरला की मी उठायची, आणि नाही खरखरला तर श्वास चालू आहे ना ते बघायला उठायची.

माझी थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते. ती कधी सुटली ते आठवतही नाही. यांच्या औषधाची एक वेळ चुकली नाही.

त्याच दिवसांत विळीवर भोपळा चिरताना अंगठा कापला. साधी चीर, पण दीड महिना भरेना. हात सतत पाण्यात असायचे हे खरं, शुगर मात्र नॉर्मल निघाली. पुढे वाचनात आलं की १९९५ साली अमेरिकेत ओहायोमध्ये, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ बायकांच्या त्वचेवर साडेतीन मिलिमीटरची जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं होतं. त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या बायकांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ते वाचून मी अंगठ्याकडे बघत बसले. व्रण अजून आहे.

मेंदूच्या कॅन्सरच्या पेशंटांना सांभाळणाऱ्या घरच्यांवरचा २००९ चा अभ्यास तर मला माझ्याबद्दलच लिहिल्यासारखा वाटला. वर्षभरात त्यांच्या रक्तातलं सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन, वाढत गेलं. सूज आवरणारं कॉर्टिसोल हे हार्मोन फारसं बदललं नव्हतं, पण रक्तातल्या पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या होत्या. रोज वाजणाऱ्या गजराला कान सरावतात ना, तसं. अशी सूज वर्षानुवर्षं टिकली की हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना धोका वाढतो.

रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात रांगेत उभी असताना मला अंधारी आली. सिस्टरनी यांच्यासाठी आणलेला पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. १७० वर १०४. चार महिने आठवड्यातून दोनदा दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते, पण माझं बीपी मोजलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. फाईल यांच्या नावाची होती. माझ्या नावाचा कागदच नव्हता.

यांची नळी निघून आता बरेच दिवस झाले. हे बरे आहेत, मऊ भात-आमटी खातात. माझी बीपीची गोळी चालू आहे आणि पहाटे पाचच्या आधी अजूनही दोनदा जाग येते.

भेटायला येणारे सगळे शहाळी आणायचे. चांगल्या मनानंच आणायचे, पण यांना ती नळीतून जायची आणि मला सोलावी लागायची. एकटी जाऊबाई बॅग घेऊन आली, म्हणाली, "वहिनी, नळीचं कसं करायचं ते दाखवा आणि आतल्या खोलीत जाऊन झोपा." त्या रात्री मी सलग सात तास झोपले.

गेल्या महिन्यात भाच्याकडे गेले होते. त्याच्या बायकोची केमो चालू आहे. तिच्याशी बोलून झाल्यावर त्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि पिशवीतून बीपीचं मशीन काढलं. "मामी, मला कशाला?" म्हणाला. मी पट्टा बांधला. १५८ वर ९६. दुसऱ्या दिवशी मी तिच्यापाशी बसले आणि तो डॉक्टरकडे जाऊन आला.