नुसतं बोलून काय होतं? तुम्ही विचारलंत म्हणून

दादाला जाऊन आता बराच काळ झाला, पण मी थेरपिस्टकडे जाते हे नातेवाईकांत कळल्यापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. लग्नात, बारशाला, परवा तर डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर. "अगं पण तिथे नक्की करतात काय? नुसतं बोलून काय होतं? आणि बोलायचंच होतं तर आम्ही होतो की." शेवटचं वाक्य जरा रागाने येतं, म्हणजे परक्या बाईला पैसे देऊन सांगितलंस आणि आम्हाला नाही, असं. तर एकदाच सविस्तर लिहून टाकते.

"आम्ही होतो की" पासून सुरू करते, कारण तुम्ही होतातच. तेरा दिवस घर भरलेलं होतं, डबे कोणाकडून आले, दहाव्याला गाडी कोणी केली, कावळा शिवेना तेव्हा कोण काय काय कबूल करत होतं, सगळं लक्षात आहे. त्या दिवसांत मला थेरपी वगैरे काही नको होतं, माणसंच हवी होती. यातले जाणकारही हेच सांगतात, बहुतेकांना शोकासाठी थेरपी लागत नाही, आपली माणसं, रोजची कामं आणि जाणारा काळ यावर निभतं. पण भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना मला सांगून जायचा, "आता तूच आईबाबांना सांभाळायचंस." वहिनीकडे बघ, भाचीकडे बघ. मुलगा गेला, नवरा गेला, बाप गेला, हे सगळ्यांना दिसत होतं, भाऊ गेलेली बहीण मात्र चहा करत होती. समाज ज्या शोकाची धड दखलच घेत नाही त्यावर केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये एक अख्खं पुस्तक संपादित केलंय, हे मला फार नंतर कळलं, आणि कळल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता खरी अडचण सांगते. दादाला छातीत जळजळायचं, तो अ‍ॅसिडिटी अ‍ॅसिडिटी म्हणत पुढे ढकलत राहिला, वहिनी मागे लागली होती तरी तपासणीला गेला नाही, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. मला त्याचा भयंकर राग आला होता. हे आईसमोर बोलू? वहिनीसमोर बोलले तर तिला वाटणार, मी ओढत का नाही नेलं. बाबा तर विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे. घरात दादाबद्दलचं कुठलंही वाक्य कोणाला ना कोणाला लागायचंच, त्यामुळे सगळे एकमेकांना जपत गप्प, आणि रात्री चौघंही आपापल्या खोलीत जागे. तुमच्यापैकी कोणाला सांगितलं असतं तरी तुम्ही म्हणाला असतात, असं बोलू नये गं गेलेल्या माणसाबद्दल. म्हणून परकी बाई. जिच्या डोळ्यात पाणी येईल का, हे बघत बोलावं लागत नाही.

पहिला काउन्सेलर मात्र फुकट गेला. त्याने पॉझिटिव्ह राहायला सांगितलं आणि रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. परत गेले नाही. नंतरच्या मॅडमनी आधी झोप, जेवण, ऑफिसचं विचारलं, जीव द्यावासा वाटतो का हे आडवळण न घेता सरळ विचारलं, इथलं बोलणं कधी बाहेर जाऊ शकतं (म्हणजे जिवाला धोका वाटला तर) ते सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "दादा कसा होता?" तोपर्यंत सगळ्यांनी मला 'कसं झालं' एवढंच विचारलं होतं. कसं झालं हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की ते पाठ झालं होतं. कसा होता याला उत्तर द्यायला लागले आणि तो तास संपला तरी माझ्या बोलण्यात दादा शाळेतच होता, पुढे सरकलाच नव्हता.

बाकी मग काम असतं, खरंच काम. काही भेटींनंतर त्यांनी मला त्या रात्रीचं सांगायला लावलं, पण पाठ केलेलं नाही. डोळे मिटून, आत्ता घडतंय असं, फोन वाजतोय, मी रिक्षात बसतेय. ते रेकॉर्ड करून घरी ऐकायचं. भीषण वाटतं ना? मलाही वाटलं. पण होतं काय की आपण त्या आठवणीला इतके घाबरून असतो की तो रस्ता टाळतो, ते हॉस्पिटल दिसू नये म्हणून लांबून जातो, त्याचे फोटो बघत नाही, आणि हळूहळू अख्खा माणूसच टाळायला लागतो. एखाद्याने सोबत बसून ते परत परत सांगायला लावलं की धार कमी होते, आणि मधली निसटलेली माहिती हाताला लागते. मला लागली ती हीच, की मी सगळ्यांना "मी पोचायला उशीर केला" असं सांगत होते, पण आत अपराधीपणा कमी आणि राग जास्त होता. अमेरिकेत कॅथरीन शिअर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी लांबलेल्या शोकासाठी जी थेरपी बसवली, साधारण सोळा भेटींची, त्यात हा भाग असतो. आणि त्यातच गेलेल्या माणसाशी बोलण्याचाही. म्हणजे तो समोर आहे समजून आपण बोलायचं, मग त्याच्या वतीने आपणच उत्तर द्यायचं. मी दादाला असं झापलं, असं झापलं की बाहेर रिसेप्शनवर ऐकू गेलं असेल. त्याच्या वतीने काय उत्तर दिलं ते इथे नाही लिहीत, ते आमच्यातलं आहे.

लोक मला व्हॉट्सअ‍ॅपवर ते शोकाचे पाच टप्पे पाठवतात. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये ते मांडले ते मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ती काही इयत्तावारी नाही. माझं तर एकाच दुपारी सगळं व्हायचं. त्यापेक्षा मला नेदरलँड्सच्या श्ट्रोबे आणि शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं जास्त पटतं, की माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो, एकदा दुःखाकडे, एकदा पुढच्या कामांकडे, आणि ही ये-जा हेच जगणं. सकाळी त्याचा शर्ट धरून रडले आणि दुपारी बँकेत नॉमिनीवरून वाद घातला आणि संध्याकाळी मैत्रिणीच्या जोकवर खदखदून हसले, यात मी त्याला विसरतेय असं काही नव्हतं. हे कोणीतरी बाहेरच्याने सांगावं लागलं, हसल्यानंतरची ती रात्र फार वाईट जायची.

भाऊबीजेचं सांगते, कारण नुसतं बोलून काय होतं याचं उत्तर त्यात आहे. पहिल्या वर्षी काकू म्हणाली, चंद्राला ओवाळ, भाऊ नसला की तेच करतात. बरोबरच आहे, रीत आहे. पण मला ते ऐकूनच धडकी भरली. मॅडमनी दोन आठवडे आधीच विषय काढला, त्या दिवशी सकाळी कोण कुठे असेल, कुठल्या वेळी सगळ्यात जड जाईल, कोणाला आधी सांगून ठेवायचं, आणि नकोच वाटलं तर नाही कसं म्हणायचं. ठरलं असं की ओवाळायचं नाही, दादाला आवडायच्या त्या झणझणीत मिसळीवर सगळ्यांनी जायचं. आई आली नाही. चालतं. पुढल्या वर्षी मी चंद्राला ओवाळलं, स्वतःहून.

कधी जावं हेही विचारता. सहा महिने-वर्ष उलटलं तरी रोजचं दुःख पहिल्या दिवसाइतकंच कडक असेल, कामधंदा, झोप, माणसं सगळं अडलं असेल, तर जावं. आता याला 'प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर' असं वैद्यकीय नावही आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत निदानासाठी किमान सहा महिने धरतात, अमेरिकेच्या २०२२च्या यादीत मोठ्या माणसांसाठी एक वर्ष. पण जीव द्यायचे विचार येत असतील तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. गोळ्यांबद्दल, त्या काउन्सेलर देत नाहीत, डॉक्टर देतात, सहसा मानसोपचारतज्ज्ञ, सोबत डिप्रेशन असेल तर उपयोग होतो, पण माणूस गेल्याच्या दुःखाला गोळी नाही.

आई गेली नाही थेरपीला, जाणारही नाही. ती भजनी मंडळात जाते आणि तिथे मनसोक्त रडून येते, तिचं तिथे होतंय तर मी कशाला ओढू. बाबांनी मात्र परवा हळूच विचारलं, तिथे इंग्रजीत बोलावं लागतं का. नाही लागत. रडायच्या भाषेतलाच माणूस शोधा, पहिला पटला नाही तर दुसरा. खाजगी फी परवडत नसेल तर केईएम, सायनसारख्या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, गर्दी असते, पण आहे. आणि पहिल्याच फोनवर विचारून घ्या की शोकावर काम केलंय का, फी किती, आणि आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे कापता का, कारण हे शेवटचं संकोचाने कोणी विचारत नाही आणि नंतर उगाच चिडचिड होते.